शाळा कशी चालवावी? संत ला साल यांनी घालून दिलेली रीत

एक मास्तर आणि पन्नास मुलं. मास्तर एकेकाला टेबलाजवळ बोलावतो, दोन ओळी वाचून घेतो, चुका दाखवतो आणि जागेवर पाठवतो. तीन तासांचं सत्र धरलं तरी एका मुलाच्या वाट्याला साडेतीन मिनिटं येतात. उरलेला वेळ बाकीच्या एकोणपन्नास जणांनी काय करायचं? मग गोंगाट, चिमटे, मारामाऱ्या, आणि हे सगळं आवरायला छडी. सतराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या बऱ्याचशा लहान शाळा अशाच चालत. दोन-तीन वर्षं शाळेत जाऊनही मुलाला धड वाचता येत नसे आणि आईबाप त्याला कामाला लावून मोकळे होत.

हा गुंता ज्यांनी धीराने सोडवला आणि सोडवण्याची रीत कागदावर उतरवून ठेवली, ते संत जाँ-बातिस्त द ला साल. 15 मे 1950 रोजी पोप बारावे पायस यांनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलं. घरची श्रीमंती सोडून गरिबांत मिसळलेला दयाळू धर्मगुरू, अशी त्यांची ओळख बहुतेक ठिकाणी करून दिली जाते. ती खरी आहे, पण अपुरी आहे. दयाळू माणसं तेव्हाही कमी नव्हती. त्यांनी काढलेल्या धर्मादाय शाळा मात्र मास्तर सोडून गेला किंवा देणगीदार वारला की बंद पडत. ला साल यांचं काम टिकलं, कारण शाळेचा कणा म्हणजे शिक्षक हे त्यांनी ओळखलं आणि शिक्षक घडवण्यात, सांभाळण्यात आयुष्य घातलं.

या कामात ते ठरवून पडले नव्हते. 30 एप्रिल 1651 रोजी रॅन्स शहरात त्यांचा जन्म झाला. वडील तिथल्या न्यायालयात अधिकारी, आई मोएट घराण्यातली, आणि हे अकरा भावंडांत थोरले. पंधराव्या वर्षी ते रॅन्सच्या कॅथेड्रलचे कॅनन झाले. कॅनन म्हणजे कॅथेड्रलच्या कायमच्या धर्मगुरुमंडळाचा सदस्य. मान मोठा, उत्पन्न पक्कं आणि काम बेताचं. पुढे ते पॅरिसच्या सेंट-सुल्पिस सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, शिकायला गेले. पण जुलै 1671 मध्ये आई गेली, एप्रिल 1672 मध्ये वडील गेले, आणि एकविसाव्या वर्षी धाकट्या भावंडांचा भार अंगावर घेऊन त्यांना घरी परतावं लागलं. 1678 मध्ये दीक्षा घेऊन ते धर्मगुरू झाले.

1679 मध्ये आद्रियाँ नीएल नावाचे एक शिक्षक रुआँहून रॅन्सला आले. गरीब मुलांसाठी मोफत शाळा काढायची होती आणि एका श्रीमंत बाईंनी त्यासाठी पैसे देऊ केले होते. ला साल यांनी ओळखीपाळखीने मदत केली, शाळा सुरू झाली, आणि आपलं काम संपलं असं त्यांना वाटलं. नीएल यांना मात्र नव्या शाळा उघडण्याची हौस फार. एक उघडली की ते दुसरीच्या मागे लागत आणि आधीच्या शाळेतले मास्तर वाऱ्यावर पडत. हे मास्तर स्वतःच जेमतेम शिकलेले, पगार अपुरा, राहण्याची सोय नाही, आणि शिकवायचं कसं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

ला साल यांनी एकेक पाऊल टाकलं. आधी मास्तरांसाठी भाड्याने घर घेतलं, मग त्यांना आपल्याकडे जेवायला बोलावू लागले, आणि 24 जून 1681 रोजी त्यांना आपल्या घरातच राहायला आणलं. नातेवाईक खवळले आणि भावंडांना त्यांच्यापासून दूर नेऊ लागले. पुढच्या वर्षी त्याच तारखेला ला साल वडिलोपार्जित वाडा सोडून मास्तरांबरोबर भाड्याच्या घरात राहायला गेले. या दिवसांविषयी त्यांनी नंतर अगदी उघडपणे लिहून ठेवलं आहे. ज्यांना शिक्षक म्हणून नेमावं लागत होतं त्यांना आपण आपल्या नोकराहूनही खालचे समजत होतो, आणि त्यांच्याबरोबर राहावं लागेल हे आधी कळलं असतं तर या कामाला हातच लावला नसता, अशी ती कबुली आहे. संतांच्या चरित्रात असा मजकूर क्वचित सापडतो. म्हणूनच तो मोलाचा आहे.

कसोटीचा क्षण मास्तरांनीच आणला. ला साल त्यांना देवावर भरवसा ठेवायला सांगत, तेव्हा मास्तरांनी तोंडावर विचारलं: तुमच्याकडे इस्टेट आहे, कॅननपद आहे, उद्या शाळा बुडाल्या तरी तुमचं काही अडणार नाही, आम्ही कुठे जायचं? प्रश्न रास्त होता. ला साल यांनी ऑगस्ट 1683 मध्ये कॅननपदाचा राजीनामा दिला. ते पद भावाला देता आलं असतं, पण त्यांनी ते एका गरीब धर्मगुरूला मिळवून दिलं. 1684-85 च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला तेव्हा आपली संपत्ती त्यांनी उपाशी लोकांना भाकरी वाटण्यात संपवली. त्या पैशांतून शाळांसाठी कायमचा निधी का उभारला नाही, असं आजही वाचणाऱ्याच्या मनात येतं. मिनिम या कॅथलिक धर्मसंघाचे फादर निकोला बारे यांचा सल्ला होता की निधीवर उभ्या राहिलेल्या शाळा निधीबरोबर बुडतात. ला साल यांनी तो मानला. त्यानंतर त्यांच्यात आणि मास्तरांत मालक-नोकर असं काही उरलं नाही.

आता शाळेकडे वळू.

त्यांच्या शाळांची नियमपुस्तिका 1706 च्या हस्तलिखितात मिळते. छापून ती 1720 मध्ये अविन्यों इथे आली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने. खोलीत बसून एकट्याने लिहिलेलं हे पुस्तक नाही. अनुभवी शिक्षकांच्या बैठका झाल्या, एकेक गोष्ट वर्गात करून पाहिली, आणि जी टिकली तीच पुस्तिकेत आली, असं प्रस्तावनाच सांगते.

पहिला बदल वर्गाच्या मांडणीत. एकेकाला बोलावणं बंद झालं. सारख्या पातळीच्या मुलांना एका धड्यावर एकत्र बसवायचं, सगळ्यांच्या हातात तेच पुस्तक द्यायचं, एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी आपापल्या पुस्तकात ओळीवर नजर ठेवायची. पुढचं वाक्य कुणाला वाचायला सांगतील याचा नेम नसल्यामुळे सगळे जागे राहतात. ऐकायला हे सोपं वाटतं, पण पुस्तकं वेगवेगळी असली की सगळा डाव कोसळतो. घरात पडलेलं एखादं जुनं पुस्तक घेऊन शाळेत यायचं, ही तेव्हाची पद्धत होती. म्हणून एका धड्याला एकच पुस्तक, यावर पुस्तिकेचा कटाक्ष आहे.

वाचनाच्या नऊ पायऱ्या होत्या. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता, मग अक्षरं जोडून होणाऱ्या शब्दावयवांचा (सिलेबलचा) तक्ता, मग शब्दावयवांचं पुस्तक, त्यानंतर चढत्या क्रमाने तीन वाचनपुस्तकं, मग लॅटिन स्तोत्रं, मग शिष्टाचाराचं पुस्तक, आणि शेवटी हाताने लिहिलेली पत्रं व कागद. पहिले दोन तक्ते सोडले तर प्रत्येक पायरीवर नवखे, मधले आणि तयार असे तीन गट. वरच्या गटात कोण जाणार हे तिथला शिक्षक परस्पर ठरवत नसे. निरीक्षक मुलांना तपासून ठरवी. याचं कारण व्यवहारातलं आहे. पालकांना खूश करायला शिक्षक कच्च्या मुलाला वर ढकलतो, मुलाला वरचं काही कळत नाही, तो गप्प होतो आणि शाळा सोडतो.

दुसरी गोष्ट शांततेची. शिक्षकाने कमी बोलायचं आणि हळू बोलायचं. त्यासाठी त्याच्या हातात ठक असा आवाज करणारं एक छोटं उपकरण असे. वाचणारा चुकला की लागोपाठ दोनदा ठक. मुलगा थांबतो, मागे जाऊन तो शब्द पुन्हा म्हणतो. त्याला जमलं नाही तर शिक्षक त्याच उपकरणाने दुसऱ्याकडे खूण करतो आणि तो बरोबर वाचून दाखवतो. मग पहिल्याने तसंच म्हणायचं. ‘अरे, नीट वाच’ नाही, उपदेश नाही, चिडणं नाही. यातून वेळ वाचतोच, शिवाय पन्नास मुलांपुढे ओरडून ओरडून घसा बसलेला शिक्षक शेवटी छडीकडे वळतो, ती वेळही टळते.

तिसरा बदल त्या काळात सगळ्यांत धाडसी ठरला. फ्रान्समध्ये मुलांना वाचायला आधी लॅटिनमधून शिकवत. लॅटिनमध्ये लिहिलं तसं वाचतात, फ्रेंचमध्ये लिहितात एक आणि उच्चारतात दुसरं, म्हणून लॅटिन सोपी, असा युक्तिवाद होता. शार्त्रचे बिशप गोदे दे मारे याच मताचे होते. ला साल यांनी त्यांना लेखी मुद्दे दिले. मूल ज्या भाषेत बोलतं त्या भाषेतले शब्द त्याला आधीच माहीत असतात, त्यामुळे फ्रेंच वाचायला शिकवणं सोपं जातं आणि वेळ कमी लागतो. कामगाराला आणि कारागिराला लॅटिनचा उपयोग जवळपास नाही. आणि सगळ्यांत वजनदार मुद्दा असा की गरिबाचं पोर शाळेत फार दिवस राहत नाही. लॅटिनपासून सुरुवात केली तर ते शाळा सोडतं तेव्हा त्याला ना लॅटिन वाचता येतं ना फ्रेंच. फ्रेंचपासून सुरुवात केली तर निदान हाताशी काही लागतं. मुलाकडे वेळ किती आहे हे आधी पाहायचं आणि मग अभ्यासक्रम आखायचा, हा विचार मातृभाषेतून शिकवण्याच्या बाजूने आजही तितकाच पक्का आहे.

वाचन पुरेसं पक्कं झाल्याशिवाय लेखन सुरू होत नसे. बसण्याची रीतसुद्धा ठरलेली: पाठ जमेल तितकी ताठ, शरीर किंचित पुढे झुकलेलं पण टेबलाला न टेकणारं. किती झुकायचं याचं माप सोपं होतं. कोपर टेबलावर ठेवलं की हनुवटी मुठीवर टेकली पाहिजे. हे माप प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या अंगाचं असल्याने उंच आणि ठेंगणा दोघांनाही चालतं.

अंकगणितात पैशांचे हिशेब मुख्य. 12 दनिए म्हणजे 1 सू आणि 20 सू म्हणजे 1 लिव्र. आपल्याकडे ज्या वडीलधाऱ्यांनी 12 पैचा आणा आणि 16 आण्यांचा रुपया अशी बेरीज केली आहे, त्यांना ही अडचण वेगळी सांगायला नको. दर रकान्यात हातचा निराळ्या आकड्याला जातो आणि मुलं तिथेच घसरतात.

शुद्धलेखनासाठी काय उतरवून घ्यायचं, हे तर मुद्दाम पाहण्यासारखं आहे. मुलांना खरे कागद देत: पैसे मिळाल्याच्या पावत्या, कर्जाच्या चिठ्ठ्या, भाडेपट्टे, मजुरीचे करार, नोटरीचे दस्त. ते उतरवता येऊ लागले की तसलेच कागद मनाने लिहायचे. सुताराच्या किंवा विणकराच्या मुलाला पुढे आयुष्यात अंगठा उठवायची वेळ येते ती असल्याच कागदांवर. त्यात काय लिहिलंय हे त्याचं त्याला वाचता आलं तर त्याला फसवणं अवघड. वाचनाची नववी पायरी हस्तलिखित पत्रांची का होती, तेही यावरून कळतं. छापील अक्षर वाचणाऱ्याला सावकाराचं किंवा कारकुनाचं अक्षर वाचता येईलच असं नाही.

सकाळचं सत्र आठला, दुपारचं दीडला. मुलं सकाळची न्याहारी आणि दुपारचं खाणं शाळेतच खात. खाण्यात वेळ दवडू नये म्हणून बंद करा, असं सुचवणाऱ्यांना उत्तर होतं की शिस्तीने, इतरांचा विचार करून खाणं हाही धडाच आहे. उरलेली भाकरी टोपलीत टाकायची आणि ती ज्यांच्याकडे काहीच नाही अशा मुलांना वाटायची.

गैरहजेरीवर पुस्तिकेत पानंच्या पानं आहेत, आणि शाळेशी संबंध असलेल्या कुणीही ती वाचावीत अशी आहेत. वर्गातल्या दोन-तीन विश्वासू मुलांकडे एकेक मोहल्ला सोपवलेला असे. कुणी आलं नाही की ती मुलं त्याच्या घरी जाऊन कारण विचारत आणि शिक्षकाला सांगत. आजारी असेल तर त्याची विचारपूस. पुस्तिका गैरहजेरीची कारणं वेगळी काढून दाखवते: मुलाचा चंचलपणा, शाळेचा कंटाळा, पालकांची बेफिकिरी, लवकर कामाला लावण्याची घाई. आणि त्याच यादीत शिक्षकही आहे. शिक्षक फार कडक असेल किंवा अगदीच ढिला असेल तर मुलं येत नाहीत, आणि तो दोष शिक्षकाने सुधारायचा. पालकांना समजावताना पुण्याची भाषा न वापरता कामाची भाषा वापरायची: लिहिता-वाचता न येणाऱ्या मुलाला पुढे चांगलं काम कोण देणार? जे पालक धर्मग्रामाकडून, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चकडून, मदत घेतात आणि तरी मुलाला पाठवत नाहीत, त्यांची मदत थांबवायला धर्मगुरूंना सांगावं, असाही उपाय त्यात आहे. आज तो खटकतो आणि खटकायलाच हवा. उपाशी घरावर असा दाब टाकणं त्या काळाच्या रीतीतून आलेलं आहे.

शिक्षेचंही तसंच. ला साल यांच्या शाळांत छडी होती. ती नव्हतीच असं काही भक्तिपर लिखाणात सुचवलेलं असतं, ते बरोबर नाही. पण तिच्याभोवती दहा अटींचं कुंपण होतं. सात अटी शिक्षकासाठी: हेतू शुद्ध हवा, मुलाच्या भल्यासाठी हवी, न्याय्य हवी, अपराधाला साजेशी हवी, मोजकी हवी, राग नसताना द्यावी, विचार करून द्यावी. तीन मुलासाठी: ती त्याला पटलेली असावी, त्याने आदराने घ्यावी, मुकाट्याने घ्यावी. हाताने-पायाने मारणं, कान-नाक-केस ओढणं वर्ज्य. मुलाला टोपणनावाने किंवा शिवीने नव्हे, त्याच्या नावानेच हाक मारायची. पट्टीने झोडपणं ही रोजची गोष्ट असलेल्या काळात या अटी पाळायच्या तर बहुतेक वेळा शिक्षा करण्याचा विचारच सोडावा लागे.

हे सगळं करायला माणूस कसा हवा? ला साल यांचं उत्तर होतं: तो धर्मगुरू नसावा. त्यांच्या मास्तरांचा आता एक धर्मसंघ झाला होता आणि त्यातल्या मास्तरांना ‘ब्रदर’ म्हणत. सुरुवातीला काही ब्रदरांना धर्मगुरू करावं असं त्यांच्या मनात होतं आणि त्यासाठी आँरी लरो यांना त्यांनी शिकायला पाठवलं होतं. 1690 मध्ये दीक्षेआधीच लरो वारले. हा ईश्वरी संकेत समजून ला साल यांनी ठरवलं की या संघात कुणी धर्मगुरू होणार नाही आणि लॅटिनही शिकवणार नाही. भक्तीबरोबर त्यात व्यवहारही आहे. धर्मगुरूला मिस्सा, अंत्यविधी, प्रवचनं यांसाठी सतत बोलावणं येतं आणि वर्ग मागे पडतो. लॅटिन आली की वरच्या पदांची वाट दिसू लागते आणि पोरांना अक्षरं गिरवून घेणं कमीपणाचं वाटतं. ब्रदराला वर चढायला शिडीच नको, शाळा हेच त्याचं आयुष्य. शिवाय ब्रदर एकटा कुठे पाठवायचा नाही, निदान दोघे हवेत. एकटा आजारी पडला तर शाळा बंद, आणि एकटा राहिलेला माणूस खचतो.

अडचणी काही कमी आल्या नाहीत. पॅरिसमध्ये लेखन शिकवण्याचा हक्क लेखनमास्तरांच्या संघाकडे होता. फी देऊ शकणाऱ्यांची मुलंही मोफत शाळेत जातात आणि आपलं पोट मारलं जातं, ही त्यांची तक्रार. 1704 मध्ये त्यांनी कोर्टकचेरी केली, शाळेतलं सामान जप्त झालं, ला साल यांना दंड झाला. तक्रारीत तथ्य होतं, कारण ला साल दारात मुलाची ऐपत विचारत नसत. ऐपत विचारली की शाळेवर ‘भिकाऱ्यांची शाळा’ असा शिक्का बसतो. खेड्यांतल्या मास्तरांसाठी त्यांनी रॅन्सला आणि नंतर पॅरिसला प्रशिक्षणशाळा काढल्या. युरोपातल्या अगदी पहिल्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थांत त्यांची गणना होते, पण त्यांच्या हयातीत एकही नीट टिकली नाही. सेंट-देनीची तर त्यांच्यावरच उलटली. क्लेमाँ नावाच्या तरुण धर्मगुरूने तिच्यासाठी पैसे देण्याचं वचन दिलं होतं. तो कायद्याने अल्पवयीन निघाला आणि त्याच्या वडिलांनी मुलाला फूस लावल्याचा दावा ला साल यांच्यावर ठोकला. 1712 मध्ये निकाल विरुद्ध गेला.

खचलेले ला साल दक्षिणेकडे निघून गेले. संघाला आपली अडचणच होते असं त्यांना वाटू लागलं होतं. 1 एप्रिल 1714 रोजी पॅरिसच्या ब्रदरांनी त्यांना पत्र धाडलं. सुरुवात ‘आमचे प्रिय फादर’ अशी, पण मजकूर आज्ञेचा: ज्या संघाला तुम्ही आज्ञापालनाचं वचन दिलंय त्या संघाच्या अधिकाराने आम्ही तुम्हाला हुकूम करतो, ताबडतोब या आणि कारभार हाती घ्या. तीस वर्षांपूर्वी ज्यांना ते नोकराहून खालचे समजत, त्याच वर्गातल्या माणसांनी त्यांना हुकूम दिला होता. ऑगस्टमध्ये ते पॅरिसला हजर झाले. 1717 मध्ये ब्रदर बार्तेलेमी यांची प्रमुखपदी निवड करवून ते बाजूला झाले, आणि 7 एप्रिल 1719 रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, रुआँच्या सेंट-यों इथे त्यांनी देह ठेवला. तेव्हा ब्रदर सुमारे शंभर होते.

पुढची वाट खडतरच गेली. 1792 मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीत संघ बरखास्त झाला. ब्रदर सालोमॉन लक्लेर त्या सप्टेंबरच्या कत्तलीत मारले गेले, त्यांना 2016 मध्ये संतपद मिळालं. ला साल यांना ते 24 मे 1900 रोजी पोप तेरावे लिओ यांनी दिलं होतं. 1904 च्या कायद्याने फ्रान्समध्ये धर्मसंघांना शिकवायला बंदी झाली आणि हजारो ब्रदर देश सोडून गेले. फ्रान्सचं नुकसान झालं, पण काम इतर खंडांत पसरलं. आज ते सुमारे 80 देशांत आहे. लॅटिनबंदीचा नियम मात्र अमेरिकेत गळ्यात अडकला. तिथे कॉलेज चालवायचं तर लॅटिन हवीच होती, बिशपही मागत होते, तरी जुन्या नियमावर बोट ठेवून रोमने ती बंदच करायला लावली. 1923 मध्ये ती बंदी उठली. ज्या माणसाने मुलाची गरज पाहून लॅटिन मागे ठेवली, त्याच्याच नावाने मुलांची गरज डावलली गेली, हे त्यांच्या वारशातलं दुखरं पान आहे.

आपल्याकडे ‘ख्रिश्चन ब्रदर्स’ या नावावरून नेहमी गोंधळ होतो. ला साल यांचा संघ फ्रान्सचा. आयर्लंडमध्ये एडमंड राइस यांनी काढलेला संघ वेगळा, त्याला 1820 मध्ये रोमची मान्यता मिळाली. राइस यांनी आपले नियम बेतताना ला साल यांचेच नियम पुढे ठेवले होते, त्यामुळे दोघांत साम्य दिसतं. भारतात कोलकात्यापासून गोव्यापर्यंत या नावाच्या ज्या जुन्या शाळा आहेत, त्या बहुतेक आयरिश संघाच्या, उदाहरणार्थ वास्कोजवळच्या चिखलीची रेजिना मुंडी. ओळखायचं असेल तर ब्रदरांच्या नावापुढची अक्षरं पाहावीत: एफ.एस.सी. असेल तर ला साल यांचे, सी.एफ.सी. असेल तर राइस यांचे. ला साल यांच्या सणाच्या तारखेचाही असाच घोळ आहे. चर्चच्या आजच्या पंचांगात तो 7 एप्रिलला येतो, जुन्या पंचांगात 15 मे होता, आणि अनेक ला साल शाळा अजून मे महिन्यातच तो साजरा करतात.